हिरवा ठिपका

११ मे

ऑर्विल ओढ्यात पडला. तीनचाकी सायकलसकट. खुबा मोडलाय, डोक्याला मार आहे, अजून शुद्ध नाही. त्याच्या बायकोचा, डोरीनचा, फोन आला तेव्हा मी रूबार्बचे आंबट देठ चिरत होते. "वाटेला कडाच नाहीये गं तिथे, आर्डिस."

पत्रकात त्या वाटेपुढे हिरवा ठिपका कोणी दिलाय? मी.

१२ मे

लिहून काढते, नाहीतर वेड लागेल.

काउंटीतल्या सोप्या पायवाटांचं, सायकलवाटांचं पत्रक एकोणीस वर्षं मी करते. नियम माझाच – बर्फ वितळलं की प्रत्येक वाट स्वतः चालायची, मगच ठिपका. हिरवा म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही खुशाल जावं. यंदा गुडघा धरला. बाकीच्या सगळ्या चालले, जुन्या रेल्वेची तेवढी राहिली. रूळ काढलेली, टेबलासारखी सपाट वाट – म्हटलं, ती कुठे जातेय! स्वयंपाकघरात बसून ठिपका दिला. आणि एप्रिलच्या पुराने ती खालून पोखरली होती.

पक्षाघातानंतर ऑर्विलला डॉक्टरांनी सांगितलं होतं, सोप्या वाटेवर सायकल चालवा. पत्रक त्याच्या हातात मीच दिलं. "आर्डिसबाईंचा ठिपका म्हणजे काळजी नाही," असं म्हणाला होता तो. हसताना त्याचं अर्धंच तोंड हलतं आता.

१३ मे

बटाटा-खिम्याचा ट्रे भाजून हॉस्पिटलात नेला. दुसरं काय नेणार? डोरीनने माझा हात धरला. "तू पाहून आलेली वाट, म्हणून बरं. नाहीतर लोक म्हणाले असते, बायकोने नवऱ्याला कुठेही धाडलं."

मी मान डोलावली. डोलावली मी!

१४ मे

पत्रक काढणाऱ्या वाट-समितीचा लायल कागद घेऊन आला. फार गोड बोलत होता. "तुम्ही एप्रिलअखेरीला चालून गेलात, तेव्हा वाट ठीक होती. कडा मेच्या पावसात खचली. कुणाचाच दोष नाही. तारीख घाला, सही करा, मिटलं."

"ठेव, चष्मा सापडत नाहीये," म्हटलं. चष्मा माझ्या नाकावर होता. त्याने पाहिलं, कागद टेबलावर ठेवून गेला.

१५ मे

सही केली नाही. कागद फाडलाही नाही. मी इतकी भित्री आहे हे सदुसष्टाव्या वर्षी कळावं?

१६ मे

आज गेले त्या वाटेवर. काठी टेकत, थांबत. समितीने दोरी बांधलीये आता. पुलाच्या अलीकडे हातभर रुंद माती उरलीये, खाली दगड. पन्नास पावलांवरून दिसतं. एप्रिलात आले असते तर मलाही दिसलं असतं. तिथेच बसून रडले, मोठ्याने.

उद्या आधी डोरीनला सांगणार, मग लायलला. ती तोंड पाहणार नाही माझं. न पाहू दे.

१७ मे

सांगितलं. डोरीनला घरी बोलावून. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तो पडला त्याच्या आदल्या दिवशी मी तिथून सायकलने गेले होते, आर्डिस. कडा खचलेली दिसली होती मला. तरी त्याला म्हटलं, जा एकटा. आठ महिने त्याचं सगळं मीच करतेय. एक तास घर रिकामं हवं होतं मला."

ऑर्विल सकाळी शुद्धीवर आलाय. तिलाच बोलावतोय. ती माझ्या स्वयंपाकघरात बसून आहे, उठत नाही.