ताई, डायलिसिस या शब्दाची फोड

प्रिय ताई,

भावोजींना डायलिसिस सुरू करावं लागणार, हे काल उल्हासनगरच्या डॉक्टरांनी नक्की सांगितलं. म्हणून तुला लिहितोय.

कात्रपच्या घरी आल्यावर भावोजी म्हणाले, "मशीनला लावलं की माणूस गेला. तुझ्या ताईचं नाही पाहिलं?"

तुला शेवटी लावलं होतं ते श्वासाचं मशीन गं! पण त्यांच्या मनात सगळी मशीनं एकच. तुझा मिलिंद बापाला समजावून थकला.

तेव्हा तुझा विज्ञानाचा तास आठवला. धडा उघडण्याआधी तू फळ्यावर शब्द फोडायचीस. "फोटो म्हणजे प्रकाश, सिंथेसिस म्हणजे जोडणी. ग्रीक लोकही साधंच बोलायचे रे!" घरी थर्मामीटर फुटला, तर आई पारा गोळा करतेय आणि तू मला थर्म म्हणजे उष्णता शिकवतेयस!

एक तक्रार आहे. तुझ्या आजाराचा शब्द तू आमच्यासमोर कधीच फोडला नाहीस. मेटास्टॅसिस. म्हणजे जागा बदलणं, कॅन्सरनं शरीरात दुसरीकडे पसरणं, हे तुला ठाऊक होतं ना? मग आम्हाला का नाही सांगितलंस?

असो. आज चहाच्या वेळी भावोजींसमोर बसलो. म्हटलं, "डाया म्हणजे वेगळं, लिसिस म्हणजे सोडवणं. रक्तातली घाण वेगळी काढायची आणि रक्त तुमचं तुम्हाला परत. श्वास तुम्हीच घ्यायचा."

"म्हणजे तांदूळ निवडण्यासारखं?"

"जवळपास."

"तुझी ताईही निवडायची. तरी खडा माझ्याच दाताखाली यायचा!"

तू गेल्यापासून ते पहिल्यांदाच तुझ्यावर चिडले, ताई. बरं वाटलं.

यानं मूत्रपिंड बरं होणार नाही, हेही मी लपवलं नाही. त्यांनी उरलेला चहा बशीत ओतला. मग विचारलं, "त्याच दिवशी घरी सोडतात?"

"सोडतात."

"मग मिलिंदला सांग, जाऊ या."

सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे. चारेक तास लागतील, नंतर थकवा येईल, असं डॉक्टर म्हणाले. मी पेपरच्या ऑफिसात रजा सांगितली. त्या दिवशीची बातमी दुसरं कुणी लिहील. सुई टोचताना त्यांचा दुसरा हात माझ्या हातात असेल, हा माझा शब्द. दुपारी मिलिंद रिक्षा घेऊन येईल आणि आम्ही तिघं घरी जेवायला बसू.

तुझा धाकटा,
अनिल