दाराशी गार पाणी

प्रिय पोरी,

तुझी पाठ आता कशी आहे? जावईबापूंचा खोकला गेला का, की अजून फ्रिजमधलंच पाणी पितात? चिमणीचे पुढचे दात आले? आणि कामावर शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचा गुडघा काय म्हणतो? मी ठणठणीत. दुकानात दुरुस्तीला रेडिओ क्वचितच येतात, म्हणून तू पाठवलेले लेखच शब्दकोश घेऊन वाचत बसतो. निम्मं डोक्यावरून जातं, पण उरलेलं गोड लागतं.

गेल्या खेपेला जेवताना तू सांगितलंस, तुमच्या प्रयोगशाळेत शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आदळले की सूर्याच्या पोटाहून लाखपट तापलेला थेंब होतो, त्यात प्रोटॉनसुद्धा वितळतात. आणि कुणी बघायच्या आत तो विझतोही. मग उडालेल्या कणांवरून तुम्ही त्याचा अंदाज बांधायचा. मी म्हटलं, म्हणजे पाहुणे गेल्यावर उष्ट्या ताटांवरून जेवण ओळखायचं! तू केवढी हसलीस.

आईही तिथेच होती. आता तिला सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, पण तेवढं मात्र घट्ट धरून बसली आहे: लेक आगीत काम करते. दाराशी गार पाण्याची बादली आणि भाजल्यावरचं मलम मांडून ठेवलंय. बादलीतलं पाणी रोज बदलते. मी गॅस पेटवायला गेलो की अंगावर येते, "पोरगी तिकडे होरपळतेय आणि तुम्हाला चहा सुचतोय?" मी तिला बसवून समजावलं, अगं, तो थेंब धुळीच्या कणाहूनही बारीक, मध्ये जाडजूड भिंती, आपली पोर लांब पडद्यासमोर खुर्चीत बसते. सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाली, "पण झळ तर लागतच असेल ना?" जन्मभर मुके रेडिओ बोलते केले गं, इथे मात्र हात टेकले.

रविवारी व्हिडिओ फोनवर तू दोन्ही हात उलटसुलट करून दाखवलेस. आई किती वेळ बघत होती! फोन ठेवल्यावर म्हणाली, "बाई गोड आहे हो. पण आपल्या पोरीची खबर काही दिली नाही तिने." मी उठलो आणि धुतलेलेच कप पुन्हा धुतले.

म्हणूनच आज फोन न करता लिहायला बसलो. काल साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी तिच्या हाताला लागली, तू शाळेत असताना चिकटवलेली. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे आपल्या पोरीचं अक्षर." चेहरा गेला, आवाज गेला, अक्षर तेवढं उरलंय. ये असं म्हणत नाही. शिशाच्या टकरींचे आठवडे वर्षातून एकदाच तुमच्या वाट्याला येतात, ठाऊक आहे मला. फक्त एका कागदावर, तुझ्या हाताने, मोठ्या अक्षरात लिही: आई, मला भाजलेलं नाही. लवकर लिही पोरी, अजून ओळखतेय तोवर.

तुझाच,
बाबा