शनिवारचे बूट

भाऊजी,

तुम्हाला मी शिव्या घालून घराबाहेर काढलं, त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. तुमचे मित्र आता एका पेगवर आलेत. डॉक्टर खूश आहेत.

पण तुम्ही कोणी फिरकत नाही. एका पेगवाल्याबरोबर बसण्यात काय मजा, असं तुम्हीच म्हणालात म्हणे. हे मात्र दर शनिवारी दाढी करतात, बूट चढवतात आणि फोन मांडीवर घेऊन बसतात. आजही बसलेत.

तेव्हा या. बाटली मीच आणून ठेवली आहे, मोठी. मी तोंडातून ब्र काढणार नाही.

लिहिलं खरं, पण पाठवायचा धीर होत नाही. आत्ताच बाहेरच्या खोलीतून बूट काढल्याचा आवाज आला.

तुमची कजाग वहिनी