तेलाच्या डब्याने केलेलं औक्षण

पारोळा,
आषाढ शुद्ध नवमी, १९९३

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या धनसिंगचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही सगळे मुक्ताईच्या कृपेने बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की उजवा बरा झाला आणि ते पाहून डाव्याने दुखायला सुरुवात केली. तुझ्या भावजयीने एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली आहेत. (ती स्वतःच्या गुडघ्याला काही बांधत नाही, पण उपाय सांगण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.) गल्लीतला नळ अजून पहाटेच येतो का? लोणच्याच्या कैऱ्या या वर्षी कशा मिळाल्या? आमच्याकडे बरणीला दादरा बांधून झाला आहे.

जानेवारीत नानांच्या घरचं लग्न सोडून मी एका तेलाच्या डब्याबरोबर जळगावला का गेलो, हे तू तीन पत्रांत विचारलंस. दर वेळी मी हवापाण्याचं लिहून सुटका करून घेतली. आज रविवार आहे, पूजा उरकली आहे, वह्या तपासायच्या नाहीत. तेव्हा सगळं सविस्तर लिहितो. चष्मा पुसून घे आणि टेकून बस.

आमच्या शाळेला जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंत्रमानव न्यायचा होता. विज्ञानाचे सर नेमके प्रशिक्षणासाठी नाशिकला गेलेले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मी मराठी शिकवतो हे त्यांना ठाऊक आहे, पण त्यांचं म्हणणं असं पडलं की, "धनसिंग सर, तुम्ही तुमची सायकल स्वतः दुरुस्त करता. तुम्हाला यंत्राची जाण आहे." (मी फक्त चेन चढवतो, अक्का. पंक्चरला तर मी चौकात जातो.) नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी माझं नाव फळ्यावर लिहूनसुद्धा टाकलं.

संघात दहावीची तीन मुलं. किराणावाल्या घेवरचंदशेठची सुमती, जिच्यामुळे डबे मिळाले. गिरधर, जो उंच आहे, उचलायच्या कामाला उपयोगी आणि बोलायच्या कामाला निरुपयोगी. आणि कोकिळा, आमच्याच गल्लीतल्या चुडामण पाटलांची थोरली. अक्का, खरं म्हणजे यंत्रमानव या मुलीचाच. बाकी आम्ही सगळे तिला पकड, पेचकस आणि चहा देणारे. तिने घरचा बिघडलेला रेडिओ उघडून जोडला होता आणि जोडल्यावर तो वाजलाही होता. तिला पुढे धुळ्याच्या तंत्रनिकेतनात शिकायचं होतं. चुडामणभाऊंना ते पटत नव्हतं. माणूस वाईट नाही, पण मुलगी एकदा गावाबाहेर गेली की काय होतं हे त्यांना चार जणांनी सांगितलेलं, आणि त्या चौघांपैकी एकाचीही मुलगी कधी गावाबाहेर गेलेली नाही. मी समजवायला गेलो तर कापसाच्या ढिगावर बसून म्हणाले, "मास्तर, ते डबडं जळगावले बठ्ठास्ना समोर चालनं तर पोरले शिकाडसू. नही चालनं तर आखाजीले लगीन." यंत्र सगळ्यांसमोर चाललं तर शिक्षण, नाहीतर अक्षय्य तृतीयेला लग्न, या विचाराने तेव्हापासून मला झोप नीट लागेना. एका मुलीचा जन्म मी चेन चढवण्याच्या ज्ञानावर तोलून धरला होता.

आता देवाने कशी कशी माणसं आणि वस्तू वाटेत ठेवल्या ते ऐक. यंत्रमानवाच्या हातापायांना दोन मोटारी हव्या होत्या, गाडीच्या काचेवरचं पाणी पुसतात तसल्या. पारोळ्यात मिळाल्या नाहीत. एरंडोलात मिळाल्या नाहीत. तेवढ्यात मामांकडे सांत्वनाला नरडाण्याला जाणं झालं आणि परतीची गाडी चुकली. स्टेशनाबाहेर एक भंगारवाला जुनं लोखंड तोलत बसला होता. मी वेळ घालवायला उभा राहिलो, तर त्याच्या तागडीत वजनाच्या जागी कोकिळाने कागदावर काढून दिलेली ती मोटार! तशीच दुसरी बाजूला पडलेली. मी म्हटलं, भाऊ, ही वजनं मला द्या. तो म्हणाला, वजनं कशी देऊ, मग मी तोलू कशाने? शेवटी स्टेशनाच्या रुळाकडेचे दोन दगड निवडून, त्याच मोटारींशी तोलून, त्याला नवी वजनं करून दिली तेव्हा सौदा झाला. गाडी वेळेवर मिळाली असती तर? म्हणून मी हल्ली गाडी चुकली की चिडत नाही, आजूबाजूला बघतो.

बॅटरीचंही तसंच. इतर शाळांचे यंत्रमानव भिंतीतल्या विजेवर चालणार होते. आमच्या शाळेत दिवसा वीज असते ती वर्तमानपत्रात. म्हणून चुडामणभाऊंच्याच ट्रॅक्टरची बॅटरी मागितली. त्यांनी ती लगेच काढून दिली. (हे डबडं काही चालायचं नाही आणि बॅटरी लवकर परत येईल, असा त्यांचा हिशोब होता.)

असा आमचा पाहुणा तयार झाला. पाहुणा हे नाव तुझ्या भावजयीने ठेवलं, कारण तो आमच्या ओसरीवर राहायला होता आणि काहीच काम करत नव्हता. पोट गोडेतेलाच्या डब्याचं, डोकं बिस्किटांच्या डब्याचं, छातीवर शेंगदाण्याचं चित्र तसंच राहिलेलं. (जळगावला एका बाईंनी विचारलं, हे हृदय का? सुमतीने हो सांगितलं.) त्याने प्रमुख पाहुण्यांसमोर चालत जायचं आणि हातातल्या ताटाने औक्षण करायचं, अशी कल्पना. निरांजनात खरी वात हवी असं मी म्हणत होतो. कोकिळा म्हणाली, "सर, मंडप पेटला तर?" शेवटी निरांजनात बॅटरीवरचा छोटा दिवा बसवला. माझ्या मनाला ते लागलं, पण मुक्ताई समजून घेईल असं वाटलं.

एस.टी.त पाहुण्याला खिडकीशी बसवलं आणि थंडीत डबा गार पडू नये म्हणून की काय, तुझ्या भावजयीने त्याला शाल गुंडाळून दिली होती. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिला डोळ्यांनी कमी दिसत असावं. तिने त्याला विचारलं, "कोनतं गाव तुमनं, भाऊ?" पाहुणा गप्प. तिने आपली दोन मुलं, चार सुना, यंदाचा कापूस, सगळं सांगितलं. पाहुणा गप्प. एरंडोलला उतरताना ती मागे वळून फणकाऱ्याने म्हणाली, "इतला गरब काय कामना?" गिरधर हसता हसता सीटखाली गेला. त्या दिवसात त्याने केलेला तेवढाच आवाज.

आता मुख्य भाग. अक्का, इथे मी चूक केली आणि ती चूक करायला माझ्यासारखाच माणूस लागतो.

प्रदर्शनाच्या सकाळी मुलं नाश्त्याला गेली होती. मी पाहुण्याजवळ एकटा होतो. मनात आलं, एकदा औक्षण बघून घ्यावं. घरी आम्ही नेहमी त्याच्या पाठीमागे, बटणांच्या पेटीजवळ उभे असायचो. आज मी प्रथमच प्रमुख पाहुण्यांसारखा समोर उभा राहिलो आणि लांब हात करून हाताचं बटण दाबलं. ताट फिरू लागलं. आरती उलटी! घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध! शिक्षणाधिकारी साहेबांना उलटं ओवाळायचं? हे अशुभ मी आपल्या हातांनी कसं घडू देऊ? मी मुक्ताईचं नाव घेतलं आणि बॅटरीच्या लाल वायरीच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल लावली. (एवढं मला कोकिळाकडे बघून बघून कळलं होतं.) ताट सुलटं फिरू लागलं. मी हात जोडले आणि कुणाला काही सांगितलं नाही. चालण्याचं बटण दाबून पाहायचं सुचलंच नाही. मला काळजी आरतीची होती, पायांची नव्हती.

दुपारी साहेब आले. मागोमाग परीक्षक, फोटोवाले, आणि गर्दीत पागोटं सावरत चुडामणभाऊ. ते बॅटरी न्यायला आले होते. आमची पाळी शेवटची. साहेब अजून दालनाच्या त्या टोकाला होते आणि वीज गेली.

ग्रहताऱ्यांच्या देखाव्यासाठी खिडक्यांना काळे पडदे लावलेले. मिट्ट अंधार. चमकणारे, फिरणारे, घरघरणारे सगळे प्रयोग एकदम गप्प झाले. उजेड फक्त एका ठिकाणी, आमच्या निरांजनात. साहेब तो उजेड धरून ठेचकाळत आले आणि थेट पाहुण्याच्या पुढ्यात उभे राहिले. पाहुण्याला चालायची गरजच उरली नाही. कोकिळाने हाताचं बटण दाबलं. ताट फिरलं. साहेबांनी आपसूक टोपी सरळ केली. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग राहिलेलं चालणंही दाखवायला तिने चालण्याचं बटण दाबलं, चार बोटं पुढे येऊन त्याने साहेबांपुढे ताट धरावं म्हणून. आणि पाहुणा मागे निघाला. हळूहळू, ताट हातात धरून, साहेबांकडे तोंड करून, मागे मागे. बॅटरी एकच, त्यावरच हात आणि त्यावरच पाय, हे मला त्या क्षणी उमगलं. कोकिळाने माझ्याकडे पाहिलं. मी शेंगदाण्याकडे पाहिलं.

"हे मागे का जातंय?" साहेबांनी विचारलं.

अक्का, त्या अंधारात मला आखाजीचा मांडव स्पष्ट दिसला. पण ती मुलगी डोळे वर करून सरळ म्हणाली, "साहेब, ओवाळल्यावर लगेच पाठ फिरवत नाहीत. देवळातून आपण निघतो तसं. पाहुण्यांना पाठ दिसू नये म्हणून ते उलट्या पावली जातं."

पाहुणा जात राहिला, जात राहिला, आणि भिंतीवरच्या विजेच्या पेटीला धाडकन आपटला. त्याच क्षणी वीज आली. (मी देवाशपथ सांगतो, ती आपणहून आली.) सगळं दालन उजळलं आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गिरधरनेही वाकून नमस्कार करून घेतला. साहेब हसून म्हणाले, "वीज पण तुम्हीच आणता का गं?" परीक्षकांनी बटणांची पेटी तपासली. पुढे आणि मागे दोन्हीकडे चालू शकणारा हा एकच यंत्रमानव आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. वायरी बदलून कोकिळाने तो त्यांना पुढेही चालवून दाखवला, आणि वायरी बदलताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, हे तिचे उपकार. दुसरा क्रमांक मिळाला.

परतीच्या वाटेवर तिने मला हळूच समजावलं. ओवाळणाऱ्याच्या बाजूने सुलटी असलेली आरती समोरच्याला उलटीच दिसते. म्हणजे आधीचीच बरोबर होती आणि साहेबांना उलटं ओवाळलं ते मीच. साहेबही समोरच होते म्हणून त्यांना ते सुलटं दिसलं. तू मला जन्मभर दर भाऊबीजेला ओवाळत आलीस, मला कसं माहीत नाही? विचार केला तेव्हा आठवलं, माझं लक्ष कधी तुझ्या हाताकडे नव्हतंच. ताटातल्या करंजीकडे असायचं.

चुडामणभाऊ त्याआधीच बॅटरी न घेता निघाले होते. प्रदर्शनाच्या फाटकाशी थांबून म्हणाले, "मास्तर, इतला मोठा साहेबले मनी पोरनी उत्तर दिनं." मग उपरण्याने बराच वेळ तोंड पुसत राहिले. मीही माझं पुसलं. चुकांमधूनसुद्धा जो वाट काढून देतो, त्याचे आभार मी किती मानू? मी केलेलं एकही काम नीट झालं नाही आणि सगळं नीट झालं.

घरच्यांचा नमस्कार. तुझ्या आशीर्वादावर जगणारा,

धनसिंग

ता. क. कोकिळा दहावीला पहिल्या वर्गात पास झाली. तंत्रनिकेतनात तिला प्रवेशही मिळाला आहे. चुडामणभाऊंनी शब्द पाळला, फक्त एक अट घातली, की मुलगी राहील ती ओळखीच्या बाईमाणसाच्या घरात. मी विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून "माझी अक्का आहे ना धुळ्यात" असं निघून गेलं. मागच्या भाडेकरूनंतर वरच्या खोलीत कुणालाही ठेवणार नाही, असं तू देवासमोर म्हणाली होतीस हे मला माहीत आहे. पण भाडेकरू म्हणाली होतीस. ही भाची समज.

ता. क. दुसरा. मुलगी शांत आहे, कामसू आहे, जेवण अगदी बेताचं. (बेताचं हे मी लिहिलं. तुझी भावजय शेजारी बसून वाचते आहे, ती म्हणते खोटं लिहू नका, पोर चांगली जेवते, भाकरी जास्त टाकाव्या लागतील.) तुझा रेडिओ मात्र तिच्यापासून लांब ठेव.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालाने पाठवलं असतं तर तू उलट टपाली "नाही" असं लिहिलं असतंस, आणि ते तुझ्या अक्षरात वाचायचं धैर्य मला नाही. म्हणून ते कोकिळाच्याच हाती देत आहे. अक्कांचं वाचून होईपर्यंत ओट्यावर थांब, मध्ये बोलू नकोस, असं तिला बजावलं आहे. चुडामणभाऊ ट्रंक घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे असतील. तू नको म्हणालीस तर संध्याकाळच्या गाडीने तिला परत आणायचं, असं ठरवून ते निघाले आहेत. पत्र फार लांबलं, अक्का, आणि ती दोघं सकाळपासून उपाशी आहेत. दार उघड.