आसारामच्या विहिरीतला हिरवा जीव

४ फेब्रुवारी १९७३, रविवार. दुपार.
मोठा दिवस. घाईत लिहितोय, अक्षर बिघडेल.

दुष्काळाचा एक फायदा कुणी बोलत नाही. पाणी आटलं की त्यातले जीव दाटतात. घरमालक आसारामच्या विहिरीत आता तळाला जेमतेम कमरेएवढं पाणी आहे, आणि तेही हिरवट. आज त्याच्या बायकोने, राहीबाईने, दोराला बाटली बांधून मला ते काढून दिलं. काय घावलं का सर, म्हणून हसत होती. थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला (मायक्रोस्कोप कॉलेजचा. शिपायाला तोंडी सांगून आणलाय) आणि दिसलं. चपलेच्या आकाराचा एकपेशीय जीव, पोटात हिरवे मणी ठासून भरलेले. मणी जिवंत! गिळलेत, पण पचवलेले नाहीत.

परवाच नगरच्या वाचनालयात एका परदेशी मासिकात वाचलं. कुणी अमेरिकन बाई म्हणतात की अब्जावधी वर्षांपूर्वी एका पेशीने दुसरी गिळली, पचवली नाही, आणि ती आतच राहून कामाला लागली. झाडाच्या पानातले हरितकण, आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रिया, सगळे मूळचे बाहेरचे पाहुणे. म्हणजे माणूस, बैल, बाभूळ, सगळ्यांची सुरुवात एका न पचलेल्या घासात. तिकडे अजून भांडतायत. बाईंकडे युक्तिवाद आहे. माझ्याकडे विहीर आहे.

६ फेब्रुवारी.
बायकोला, अंबिकेला, सगळं समजावून सांगितलं. शेवटी तिने एकच विचारलं, की आपण पितो ते हेच पाणी का. बी. ए. झालेली बाई. मुद्दा निसटतो.

संकल्प: एप्रिलअखेर शोधाचा पेपर तयार. पत्ते बंद. पहाटे उठणे.

९ फेब्रुवारी.
उठलो नाही. प्राचार्यांना शोधाबद्दल सांगितलं. त्यांनी मुलांच्या जर्नल्स तपासून झाल्या का असं विचारलं. पारनेरसारख्या ठिकाणी असंच व्हायचं.

१७ फेब्रुवारी, शनिवार.
आज संकट आलं होतं, परतवलं.

आळीतल्या बाकीच्या विहिरी कोरड्या पडल्या, त्यामुळे आता सगळे आसारामकडे भरतात. म्हणून आरोग्य खात्याचा गोरक्षनाथ ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन आला. विहिरीत टाकायची म्हणे, वरून हुकूम आहे. म्हणजे माझे सगळे जीव एका तासात खलास! मी आसारामला बाजूला घेतलं. पाण्यातली ही जिवंत सृष्टीच पाणी शुद्ध ठेवते असं सांगितलं. (तत्त्वतः काही प्रमाणात खरं आहे.) गोरक्षनाथ वाद घालायला लागला तेव्हा त्याला सांगितलं की मी प्राणिशास्त्र शिकवतो.

आसारामने टोपी काढून डोकं खाजवलं. "सर, तुमी शिकलेलं. तुमी म्हनाल तसं," म्हणाला.

पिशवी त्याच्या ओट्यावर पडून आहे. गोरक्षनाथ तोंड पाडून गेला. समाजात शास्त्राला अजून मान आहे.

२३ फेब्रुवारी.
अंबिका पाणी उकळते. रॉकेल रेशनवर, आणि ही पाणी उकळते! त्यात आळीतल्या बायकांत कुजबुज सुरू. म्हणून आज विहिरीवर सगळ्यांदेखत तांब्याभर कच्चं पाणी प्यालो. परिणाम उत्तम. राहीबाई म्हणाली, सर पेत्यात, मंग आपल्याला काय हुतंय. शास्त्रज्ञाने प्रयोग स्वतःवर करावा.

एक बाटली अंधारात, काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. उजेड नसला तर आतले हिरवे पाहुणे काय करतात ते बघायचं.

२६ फेब्रुवारी.
पोट बिघडलं. रेशनची मिलो. अमेरिकेत ही ज्वारी जनावरांना घालतात म्हणे. पाण्याचा संबंध नाही.

३ मार्च.
अंधारातली बाटली उघडली. जीव फिके पडलेत. काहींच्या पोटात मणी उरलेच नाहीत, नुसते पिवळट डाग. उपासमार झाल्यावर यजमानाने पाहुणेच पचवले, असं दिसतं. बघवेना. कापड नीट धुतलेलं नसावं. ही बाटली पेपरात घेणार नाही.

आळीत दोन पोरांना ओकाऱ्या. ऊन फार आहे.

६ मार्च.
पोरं सावरली. मी म्हणत होतोच. आता खडी फोडायला जाणाऱ्या चार बायका आडव्या झाल्यात. महाशिवरात्रीचे भगर-शेंगदाणे बाधले असावेत. शिवाय दुष्काळी कामावर खायला देतात ती सुकडी. ती कुठल्या पाण्यात शिजवतात कोण जाणे.

पुण्याच्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना शोधाबद्दल लिहिलं होतं, त्यांचा होकार आला. ते रविवारी येणार, स्वतः बघणार! तोपर्यंत विहिरीला धक्का लागता कामा नये.

८ मार्च, गुरुवार. सकाळ.
अंबिका सुचित्राला घेऊन सकाळच्या एस.टी.ने माहेरी, घाटाकडच्या अकोले गावी गेली. तिकडे गारवा असतो, पोरीला बरं. निघण्याआधी तिने आसारामच्या ओट्यावरची पिशवी उचलली होती. मी हात धरला. फक्त रविवारपर्यंत, म्हणालो. पुण्याचे सर येतायत.

तिने पिशवी खाली ठेवली. "राहीबाई कालपासून उठलेली नाही. तुम्ही बघून आलात का?"

जाणारच होतो.

८ मार्च. संध्याकाळ.
जाऊन आलो. राहीबाई भुईला लागलीय. डोळे आत गेलेत. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. आवाज नाही. खोलीत वास होता. लिंबू-साखरेचं पाणी द्या म्हणालो. नंतर लक्षात आलं, पाणी कुठलं देणार.

आसाराम दारापर्यंत सोडायला आला. उंबऱ्यात थांबून हळूच म्हणाला, "पावडर टाकू का सर? गोरक्षनाथ आज पुन्हा सांगून गेला."

रविवारपर्यंत थांब म्हणालो. तो बरं म्हणाला. आत गेला.

इतके दिवस थांबलं, आणखी तीन दिवसांनी काय होतंय. शास्त्रात घाई करून चालत नाही.

९ मार्च.
दुष्काळी कामावरच्या ओव्हरसियरची जीप मिळवून राहीबाईला नगरला नेलं. मी सोबत गेलो असतो, पण जर्नल्स राहिल्यात. जीप गेल्यावर आळीत कुणी माझ्याशी बोललं नाही. घाईत असतील.

११ मार्च, रविवार.
सर आले. काळी पँट, पायात सँडल, साधा माणूस. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच काढला. म्हणाले, हा हिरवा पॅरामेशियम. फर्स्ट इयरच्या मुलांना दाखवतो आम्ही. शंभरएक वर्षांपासून माहीत आहे. दोघं एकत्र राहतात एवढंच यातून कळतं. पेशी मुळात कशी घडली हा प्रश्न वेगळा, तो असा एका बाटलीतून सुटायचा नाही.

मी पेपराची रूपरेषा पुढे केली. ती त्यांनी वाचली नाही. पाणी कुठलं, विचारलं. मी अभिमानाने विहीर दाखवली. किती लोक पितात, विचारलं. सगळी आळी, म्हणालो. आळीत कुणी आजारी आहे का, विचारलं.

चहाचा कप त्यांनी तसाच भरलेला खाली ठेवला.

मोठ्या माणसांनाही मत्सर असतो. एस.टी. दुपारची होती, तरी स्टँडवर जाऊन बसले.

१२ मार्च.
राहीबाई काल रात्रीच गेली. नगरच्या डॉक्टरांनी कॉलरा सांगितला, असं गोरक्षनाथ म्हणाला. मला नाही, प्राचार्यांना म्हणाला. मी शेजारी उभा होतो.

आसारामने मातीवरून येऊन, अंघोळीच्याही आधी, अख्खी पिशवी विहिरीत रिकामी केली. मला विचारलं नाही.

बाटल्यांमध्ये अजून नमुना शिल्लक आहे. तेवढ्यावर काम भागेल.

१४ मार्च.
बाटल्या ओतून दिल्या. आजारपण. उठवत नाही. अंबिकेला कळवू नये. उगाच येईल.

१६ मार्च, शुक्रवार.
कालपासून घरात पाण्याचा थेंब नव्हता. विहिरीपर्यंत जायची ताकद नाही, आणि आळीत हाक कुणाला मारणार.

सकाळी दार वाजलं. आसाराम. डोकं तासलेलं, खांद्यावर घागर. त्याला काहीतरी सांगायला पाहिजे होतं. मी उठून बसलो आणि सांगायला लागलो की कॉलऱ्याचा जंतू निराळा आणि माझा जीव निराळा, माझा जीव निरुपद्रवी आहे, पुस्तकात तसं आहे. तो ऐकून घेत होता. माझं संपलं तेव्हा त्याने घागर कोपऱ्यात टेकवली, तांब्या भरून माझ्या उशाशी ठेवला.

"तुमी म्हनला म्हनून थांबलो व्हतो, सर."

रागाने नाही. वेळ सांगावी तसं म्हणाला, आणि दार ओढून घेऊन गेला.

पाण्याला पावडरीचा उग्र वास येतोय. प्यालो.