चहाला उतरलेत

चि. दिपा,

विमानाने ये म्हणतेस. रेल्वेत खिडकीतून कोकण दिसतं, डबा वाटून खाता येतो. पण माणसं चौकशा फार करतात.

मागच्या खेपेला पनवेलला चढले, तर समोरच्या बाई म्हणाल्या, "एकट्याच?"

मी बोलून गेले, "नाही, हे चहाला उतरलेत."

गाडी सुटली तशा त्या ओरडल्या, "अहो, साखळी ओढा, यांचे मिस्टर खाली राहिले!"

"नका ओढू. ते गेले."

"गेले कुठे?"

"वारले."

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं, तरी मी सगळ्यांना 'गेले' एवढंच सांगायचे. 'वारले' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघाला. बाईंनी चिपळूणपर्यंत माझा हात सोडला नाही.

विमानात कुणी विचारणार नाही, आणि मी बाबांची वाट बघत बसेन.

हे तुला पाठवणार नाही. फोनवर, विमानात कान दुखतात, एवढंच सांगेन.

तुझी आई