विमानातून उतरून बसमध्ये

खामगाव, मंगळवार, संध्याकाळ

बॅगेवरची विमानाची चिठ्ठी हे अजून काढू देत नाहीत. लेकीकडे जायला पुण्याला उतरलो तेव्हा विमानतळाबाहेर शहरात जाणारी बस उभी होती. मी चला म्हटलं, तर भडकले, "विमानातून उतरून बसमध्ये? लाज नाही वाटत तुले?" तिथे यांना ओळखत होतं कोण? पहिल्यांदाच यांचं न ऐकता मी एकटीच चढले. कंडक्टरनं लेकीच्या घराजवळच्या थांब्यावर नीट उतरवलं. हे टॅक्सीतून आले, ती चिठ्ठी मिरवत.

आज शेजारचे काका म्हणाले, टॅक्सीवाले फार लुटतात. हे लगेच म्हणाले, "म्या तं बसनंच गेलो."

मी चहा ठेवत म्हटलं, "बसनं मी गेली. हे टॅक्सीत होते."

यांची मान खाली गेली. इतका किरकोळ माणूस, आणि तीस वर्षं मी याला घाबरत होते?